दुखणे लपवू नका

(अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील निवृत्त प्राथमिक शिक्षक व वस्तीतील स्त्रीपुरुष यांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या सभेच्या चालकांनी मला ‘निवृत्त शिक्षकाचे जीवनचिंतन’ असा विषय नेमून दिला आहे. विषयाचे नाव भारदस्त आहे, आणि चिंतन हा शब्द कानी पडताच मागच्या बाजूस काही मंडळींनी भिंतीला पाठ टेकली हे मला येथून दिसले. त्यांनी घाबरू नये. ३८ वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना बाराखडी शिकविली, २००७ साली नियमाप्रमाणे ५८ व्या वर्षी निवृत्त झालो, आणि रक्तदाब व मधुमेह हे दोन सोबती बरोबर घेऊन पंचाहत्तरी ओलांडली. एवढ्या भांडवलावर जेवढे बोलता येईल तेवढेच मी बोलणार आहे, आणि तेही मुख्यतः एकाच गोष्टीविषयी. आपल्या वस्त्यांतून माणसे दुखणे लपवितात. ती का लपवितात, आणि आपण निवृत्त शिक्षकांनी त्याबाबत काय करावयाचे, हा माझा आजचा विषय होय.

लपविण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. म्हातारा लपवितो, कारण मुलाने बँकेचा हप्ता कसा भरला हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. सून लपविते, कारण सासरी पहिल्याच वर्षी आजारी पडणाऱ्या सुनेस काय ऐकावे लागते हे तिच्या आईने तिला सांगून ठेवलेले असते. आमच्यासारखे पेन्शनदार मास्तर लपवितात, कारण गावभर आरोग्याचे धडे देत हिंडलेल्या मास्तरालाच साखर झाली ही बातमी पारावर चघळली जाईल अशी त्यांस भीती वाटते. आणि ऊसतोडणीस जाणारी बाई लपविते ती तर उघडउघड पोटासाठी. मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोची जोडी म्हणून तिने फडावर पाऊल ठेवलेले असते. एका दिवसाचा खाडा झाला की दंड कापला जातो. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनास चौकशी समिती नेमावी लागली, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचले आहे. त्या स्त्रियांचे दुखणे ज्या दिवशी सुरू झाले त्या दिवशी त्या बोलल्या असत्या तर काय झाले असते? बहुधा त्यांना कोणी ऐकले नसते. हेही सांगितले पाहिजे. लपविणाऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याचे ऐकणारा कोणी नाही त्याने बोलावे तरी कोणापाशी?

माझ्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. मी तेव्हा नवा मास्तर होतो. आमची अर्धी शाळा आईबापांबरोबर खडी फोडण्याच्या कामावर असे आणि दुपारी सुकडी घेण्याच्या रांगेत हजेरीपटावरील सारी नावे एके ठिकाणी सापडत. हा मुलगा त्या रांगेत होता. हुशार होता; पाढे तोंडपाठ होते. दुष्काळ सरला आणि पुढच्याच वर्षी दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर गेला तो शाळेत परत आला नाही. तिसरीतून त्याचे नाव कमी झाले. पुढे त्याने आयुष्यभर मोलमजुरी केली, मुले शिकविली, घर बांधले.

पन्नाशीच्या पुढे तो असता गावात तपासणीचे शिबिर झाले. कोणीतरी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि एक कागद लिहून हाती दिला. त्या कागदावर लिहिले होते की रक्तदाब फार वाढलेला आहे, ताबडतोब तालुक्याच्या रुग्णालयात दाखवावे, औषध रोज घ्यावे. त्याने तो कागद नीट घडी घालून पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर ठेवून दिला. चार महिने तो तेथे राहिला. नंतर एके पहाटे त्याचा उजवा हात व पाय गेला. माझे घर त्याच्या घरापासून फार तर दोनशे पावलांवर आहे. मी भेटावयास गेलो तेव्हा त्याच्या बायकोने पेटीतून तो कागद काढून माझ्या हाती दिला. मी त्याला विचारले, “अरे, हा घेऊन माझ्याकडे का आला नाहीस?” जिभेला जडपणा आला होता, तरी त्याने शब्द जुळवून सांगितले, “गुरुजी, तिसरीतून पळालेलं पोर मी. कागुद घिऊन तुमच्याम्होरं कसा येऊ?”

भगिनींनो आणि बंधूंनो, रक्तदाबाने त्याचे अंग घेतले हे खरे. पण त्या कागदाला चार महिने पेटीत कोंडून ठेवणारी गोष्ट रक्तदाब ही नव्हती. ती लाज होती. अक्षर न येण्याची लाज, गरिबीची लाज, आणि त्याखाली गाडलेली त्याहून जुनी एक लाज. तिची ओळख करून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने आपल्या व इतरांच्या अनुभवांची एक लहानशी टिपणवही लिहून ठेवली होती. ती त्यांच्या पश्चात १९९० साली पुस्तकरूपाने छापली गेली. तीत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचा प्रसंग त्यांनी उद्धृत केला आहे. हे पत्र १९२९ च्या डिसेंबरात गांधींच्या ‘यंग इंडिया’ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांत गंभीर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यावयास तयार नव्हता. गावातील दोन प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला. पण आजारी बाईला वस्तीबाहेर आणून ठेवावे ही त्याची अट होती. दोन दिवसांची बाळंतीण बाहेर आणली गेली. डॉक्टरने आपली ताप मोजण्याची नळी एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्याच्या हाती दिली, नवऱ्याने पत्नीस लावली, आणि त्याच वाटेने ती परत गेली. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात नळी पाहून निदान सांगितले व औषध पाठविले. तो पुन्हा आला नाही. ती बाई वारली. तिचा नवरा आपल्यासारखाच मास्तर होता, लिहितावाचता होता, त्याच्यापाशी फीचे पैसे होते. यापैकी कशाचाही तिच्या नाडीवर बोट ठेवले जाण्यास उपयोग झाला नाही.

ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या असे वैद्य पाहिले, त्याने दुखणे अंगावर काढण्याची सवय लावून घेतली तर नवल ते काय? सांगून काही होत नसते आणि वर अपमान पदरी पडतो, हे शहाणपण आपल्या आज्ज्यांनी आपल्या आयांना दिले व आयांनी आपणांस दिले. कायदा बदलला, दवाखान्याचे दार उघडले, पण ते शहाणपण अजून घराघरांत शिल्लक आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या पेटीतील कागदावर त्याचेच कुलूप होते असे मी समजतो.

आता दुसरी बाजू पाहा. स्वतः बाबासाहेब अखेरच्या वर्षांत मधुमेहाने व पायांच्या दुखण्याने अतिशय जर्जर झाले होते; आधाराशिवाय चालणे त्यांस कठीण झाले होते. १५ मार्च १९५६ रोजी त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली. ती ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत आली नाही, पण आज ती उपलब्ध आहे. ग्रंथ लिहीत असता आपले दुखणे किती विकोपास गेले होते हे त्यांनी तीत स्वच्छ सांगितले आहे आणि पत्नी डॉ. सविता व डॉ. मालवणकर यांच्या उपचारांचे ऋण मानले आहे. लक्षावधी माणसे ज्यांच्याकडे आधार म्हणून पाहत होती त्यांनी आपला देह दुसऱ्याच्या आधारावर उभा आहे हे लिहून ठेवण्यात कमीपणा मानला नाही. आपल्या घरांतून त्यांची तसबीर आहे, तिच्याखाली बसून आपण इन्सुलिनची सुई पाहुण्यांपासून लपवावी, हे मला तरी समजत नाही.

आणि त्यांचा या बाबतीतील विचार केवळ स्वतःच्या देहापुरता नव्हता. १९२८ साली मुंबई कौन्सिलात कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात आर्थिक लाभ देणारे बिल आले तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. १९३८ च्या नोव्हेंबरात संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव मुंबई असेंब्लीत मांडला गेला. बाबासाहेबांच्या वतीने तो मांडणारे गृहस्थ होते प्रभाकर जनार्दन रोहम, आपल्याच नगर जिल्ह्यातून स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून गेलेले सभासद. ठराव नामंजूर झाला. परंतु वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचा देह झिजतो हा घराच्या आतला विषय सभागृहात मोठ्याने बोलता येतो, हे नगरच्या एका प्रतिनिधीने तेव्हा दाखवून दिले. आज आमच्या शिकल्यासवरल्या सुना तो विषय सासूपुढे काढण्यास संकोचतात! रोहमांचे नाव आमच्या तरुणांस ठाऊक नाही, ही मला खेदाची गोष्ट वाटते. असो.

घटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपण व आजार यांत सरकारी साहाय्याचा आणि ४७ व्या कलमात पोषण व सार्वजनिक आरोग्य यांचा उल्लेख आहे. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांवरून थेट दावा लावता येत नाही, हे वकील मंडळी आपणांस लगेच सांगतील. पण १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला आहे की, तातडीच्या प्रसंगी सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग होय. तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढताना मान खाली घालून उभे राहण्याचे कारण नाही. तेथे आपण मेहेरबानी मागावयास जात नाही.

मूल्यांविषयी काही सांगा असा चालकांचा आग्रह आहे. मला मूल्यांची यादी पाठ म्हणता येत नाही. काही माणसांचे वर्तन मात्र सांगता येते, आणि सुदैवाने त्यासाठी जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही.

सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे शिक्षण ज्या ठिकाणी घेतले त्यांत आपल्या नगर शहरातील मिस फॅरार यांची संस्था होती. पुढील कथा सर्वांस माहीत आहे; शेण, चिखल, भिडेवाडा. पण आपण शिक्षकांनी त्यांच्या आयुष्याचे शेवटचे पान अधिक वेळा वाचावे असे मला वाटते. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीबाईंचे वय तेव्हा ६६ होते. पुत्र डॉ. यशवंतराव यांनी पुण्याबाहेर दवाखाना घातला होता. माणसे प्लेगच्या गाठी लपवीत होती; रोगाच्या भीतीने आणि त्याहून अधिक सक्तीच्या तपासणीच्या भीतीने. सावित्रीबाई रोगी शोधून दवाखान्यात आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलास त्यांनी पाठीवर घेऊन आणले असे सांगतात. त्या सेवेतच त्यांना रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. ६६ व्या वर्षी! आज त्या वयाचा निवृत्त मास्तर फार तर पेन्शनच्या फरकाच्या रकमेचा पाठपुरावा करीत असतो. तोही करावा, माझीही एक फाइल अडकलेली आहे.

दुसरे उदाहरण जामखेडचे. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे काम सुरू केले. त्या वेळी त्या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ वर्षाच्या आत दगावत. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात राहावयास तयार नव्हत्या. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या; बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या बायका आठवड्यातून जामखेडला येत, सर्व जातींच्या एकत्र जेवीत, एकत्र निजत आणि बाळंतपण, जुलाब, ताप, कुष्ठरोग यांची माहिती घेऊन गावी परतत. पुढच्या पंचवीस वर्षांत बालमृत्यूचे ते प्रमाण तिशीच्या आत आले. १९७९ साली त्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

मला त्या कामातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. दुष्काळात पाण्यासाठी विंधनविहिरी घेण्याची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीतच घेतल्या जातील अशी योजना आरोळ्यांनी केली. पाणी हवे तर सवर्णांनी त्या वस्तीत यावयाचे! चवदार तळ्याच्या काठी १९२७ साली आपली माणसे पाण्यापर्यंत चालत गेली होती. येथे पाणीच आपल्या दारात आले आणि दुसऱ्यांना चालावे लागले. जुलाब, खरूज, नारू हे पाण्याचे रोग आहेत, आणि पाण्याच्या वाटेत जात उभी होती. अशा ठिकाणी “मुलांनो, रोज स्वच्छ आंघोळ करा” हे शाळेच्या भिंतीवरील वाक्य कोणाला उद्देशून होते? ज्या वस्तीला घागरभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीकडे पाहावे लागत होते, तिला? पाणी आले आणि मग ती मुले भिंतीवरील वाक्य न वाचताही आंघोळ करू लागली.

हे जामखेड येथून दूर नाही. आज गावोगाव ज्या आशाताई काम करीत आहेत त्यांच्या कामाची वाट जामखेडच्या त्या बायकांनी पूर्वीच मळलेली होती. जी निरक्षर बाई हे करू शकली तिच्यापुढे आम्ही डी.एड. झालेल्या पेन्शनदारांनी “आम्हांस वैद्यकशास्त्र समजत नाही” असे म्हणणे शोभत नाही.

माझ्या प्रकृतीविषयीही चालकांनी विचारले आहे. सांगण्यासारखे थोडे आहे. बाजरीची भाकरी, पालेभाजी, गोळी वेळेवर, तंबाखू मुळीच नाही, आणि दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. सकाळी चालतो. पण दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईला मी चालण्याचा उपदेश करीत नाही. तिला झोपेची व डाळीची गरज आहे. दारूविषयी एवढेच म्हणतो की, या मेळाव्यास जे आले नाहीत त्यांच्यापैकी काही जण ज्या ठिकाणी बसले आहेत ते ठिकाण आपणांस ठाऊक आहे. तेथे मी सभेनंतर जाणार आहे. आणि अंगात येणाऱ्या भगताने काविळीवर उतारा दिला तर त्याला नमस्कार करून दवाखान्याची एस.टी. पकडावी.

आता कामाचे बोलतो. आपल्या तालुक्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. चष्मा आहे, अक्षरओळख आहे, वेळ आहे, आणि दरमहा पेन्शन असल्यामुळे कोणापुढे हात पसरावा लागत नाही. वस्तीत येणारा प्रत्येक वैद्यकीय कागद वाचून त्याचा अर्थ साध्या बोलीत समजावून सांगणे, हे आपले उरलेले मास्तरकीचे काम आहे. गोळी सकाळची की रात्रीची, उपाशीपोटी की जेवणानंतर, पुन्हा केव्हा दाखवावयाचे, एवढेच सांगावयाचे. औषध सुचवावयाचे नाही, डॉक्टर व्हावयाचे नाही. ज्याला एकट्याने जाण्याचे धैर्य होत नाही त्याच्याबरोबर जावयाचे. स्त्रियांबरोबर आपल्या निवृत्त शिक्षिका भगिनी जातील. त्यांच्यापैकी तिघींनी तसे मान्य केले आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न घालता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांची जी केंद्राची योजना २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली, तिचे कार्ड आपल्या वस्तीत अनेकांनी काढलेले नाही. कारण विचारले तर म्हणतात, आम्हांला काय धाड भरली आहे? त्यांचे कार्ड आपण काढून देऊ. आणि कोणाच्या दुखण्याची वाच्यता पारावर करावयाची नाही; हा नियम जो मोडील त्याने घरी बसावे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला आता काठी घेऊन अंगणापर्यंत येता येते. तो रोज गोळ्या घेतो. पाकिटावरचे नाव त्याची नात त्याला वाचून दाखविते. हल्ली तो डाव्या हाताने अक्षरे गिरवितो. मी शिकविलेले नाही, नात शिकविते.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता याच समाजमंदिरात आपण बसणार आहोत. रक्तदाब मोजण्याचे यंत्र मी विकत आणले आहे. आशाताईंनी येण्याचे कबूल केले आहे. येताना घरातील पेटीत, कोनाड्यात, पिठाच्या डब्यामागे, जेथे कोठे दवाखान्याचे कागद ठेवले असतील ते सारे घेऊन या. जुने असले, फाटलेले असले तरी चालतील. ज्यांना चालवत नाही त्यांची नावे सभा सुटण्यापूर्वी दाराशी बसलेल्या मुलीकडे लिहून द्या. ती दहावीत आहे आणि तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.